दार धांप रे!

माझी मडगावची मावशी दिवसातून पन्नासदा तरी एक वाक्य म्हणते : 'दार धांप रे!' म्हणजे दार लाव. आमच्या सावंतवाडीच्या घरातही दारं लावायला सांगत, पण मावशीच्या सुरातली जरब त्यात नसायची. तिच्या मते उघड्या दारातून मांजर येतं, डास येतात, पाऊस येतो आणि शेजारची माणसं येतात; यातलं काहीही आत आलं की लवकर जात नाही.

21 जून 1986 च्या रात्री मात्र तिचं कोणी ऐकलं नाही. शनिवार होता. मावशीला बरं नव्हतं म्हणून आई मला घेऊन मडगावला आली होती. बांदा, म्हापसा, पणजी असं करत एस्टीने आणि मग कदंबाने. पणजीत मांडवीवरच्या ज्या पुलावरून आम्ही गेलो, तो पुढच्याच पंधरवड्यात कोसळला, पण ती गोष्ट वेगळी. मी बारा वर्षांचा होतो. मावशीकडे कृष्णधवल टीव्ही होता आणि आळीतले पंधरा-वीस जण वर्ल्ड कपची ब्राझील-फ्रान्स मॅच बघायला बसले होते. मेक्सिकोत ग्वाडलाहाराला भर दुपारची मॅच, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. बाहेर पाऊस मी म्हणत होता. कोणी ना कोणी उठून अँटेना फिरवायला बाहेर जायचा, येताना दार उघडंच टाकायचा आणि आतल्या खोलीतून मावशीची हाक यायची.

ब्राझीलची पिवळी जर्सी आमच्याकडे करडी दिसत होती. गोव्यात निम्मी माणसं ब्राझीलची असतात, तशी ती खोलीही होती. स्कोअर 1-1. दुसऱ्या हाफमध्ये बराच वेळ गेल्यावर एक सडपातळ, जरा वयस्क वाटणारा गडी मैदानात उतरला आणि खोलीत एकदम कालवा झाला. मावशी पाणी प्यायला बाहेर आली होती. तिने विचारलं, 'कोण रे तो?' मावसभाऊ म्हणाला, 'झिको. पांयाक लागलां ताका.' पायाला लागलंय त्याच्या. मावशी म्हणाली, 'मागीर खेळटा कित्याक?'

मग खेळतो कशाला? प्रश्न बरोबर होता. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये रिओत एका राक्षसी टॅकलने त्याच्या गुडघ्याचा चुराडा झाला होता. ऑपरेशनं झाली होती, पाय अजून धड नव्हता. पण मैदानात येऊन दोन-तीन मिनिटं झाली असतील नसतील, त्याने एक असा पास सोडला की ब्रांको थेट फ्रान्सच्या गोलकीपरसमोर. गोलकीपर बाट्सने त्याला पाडलं. पेनल्टी. रात्रीचा एक वाजला होता. झिकोनेच चेंडू ठेवला, मारला आणि बाट्सने अडवला. पुढे मॅच पेनल्टी शूटआउटमध्ये गेली. त्यात झिकोने आपली पेनल्टी नीट मारली, पण सॉक्रेटिस आणि ज्युलिओ सेझार चुकले. फ्रान्सचा प्लातिनीसुद्धा चुकला होता, ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. ब्राझील बाहेर. लोक उठून गेले. सकाळी ओटीवर पावसाचं पाणी साचलेलं होतं, कारण दार रात्रभर उघडंच राहिलं होतं.

त्या दिवसापासून हा माणूस माझ्या मागे लागला.

झिको हे नाव घरातलं. खरं नाव आर्थर आंतुनेस कोइंब्रा, जन्म 3 मार्च 1953, रिओचं किंतिनो हे उपनगर. आर्थरचा झाला आर्थरझिन्यो, त्याचा आर्थरझिको आणि मग नुसताच झिको. आपल्याकडे ज्ञानेश्वरचा ज्ञानू होतो तसंच. वडील पोर्तुगालहून आलेले. भाऊ फुटबॉलर, त्यातला एदू तर नावाजलेला. हा सगळ्यांत धाकटा आणि हाडकुळा. इतका की फ्लामेंगो क्लबने त्याला खाऊ-पिऊ घालून, व्यायाम करवून आधी अंगावर मांस चढवलं. लोकांनी नाव ठेवलं 'किंतिनोचा कोंबडा'. 1981 साली या कोंबड्याने फ्लामेंगोला दक्षिण अमेरिकेचा कप मिळवून दिला आणि डिसेंबरात टोकियोला लिव्हरपूलचा 3-0 असा फडशा पाडला. माराकाना स्टेडियमवर त्याच्याइतके गोल कोणीच केलेले नाहीत : 333.

आणि तरी त्याचं नाव काढलं की लोकांना हरलेल्या मॅचेसच आठवतात. 1978 च्या वर्ल्ड कपला मार देल प्लाताला स्वीडनशी 1-1 असताना शेवटच्या क्षणी कॉर्नर आला, झिकोने हेडर मारला, चेंडू जाळ्यात. पण चेंडू हवेत असतानाच वेल्सच्या रेफ्रीने शिट्टी वाजवली होती. वेळ संपली, गोल नाही. कॉर्नर घेऊ द्यायचा आणि तो हवेत असताना मॅच संपवायची, याला काय म्हणावं?

मग पुढचा वर्ल्ड कप. 5 जुलै 1982, बार्सिलोनाचं सार्रिया स्टेडियम, समोर इटली. मी ही मॅच खूप नंतर, मोठेपणी पाहिली. आता पाठ झाली आहे. इटलीचा जेंतीले सावलीसारखा झिकोला चिकटलेला. त्याने झिकोची जर्सी एवढी ओढली की ती बरगडीपाशी टराटरा फाटली. झिको ते भोक रेफ्रीला दाखवतोय, चिंधी दोन बोटांत धरून, शाळेत मास्तरांना दाखवावी तशी. रेफ्रीने काही दिलं नाही. पण मला त्या मॅचमधली दुसरीच गोष्ट जास्त छळते. ब्राझीलला सेमीफायनलला जायला बरोबरी पुरत होती. 68 व्या मिनिटाला फाल्काओने 2-2 केलं. बावीस मिनिटं उरली होती. कोणीही शहाणा संघ तिथे दार लावून, कडी घालून, आडणा टाकून बसला असता. हे पुन्हा गोल करायला निघाले. 74 व्या मिनिटाला रॉसीने तिसरा मारला. अगदी शेवटी ऑस्करचा हेडर इटलीचा गोलकीपर झॉफने रेषेवर पकडला, आणि संपलं.

लोक या संघाला जिंकलेल्या संघांपेक्षा जास्त मानतात. मीही मानतो. पण माझ्यातला कोकणी माणूस मॅच बघताना दर वेळी ओरडतो, अरे, दार लावा!

इटलीत तो पुढच्याच वर्षी राहायला गेला, उदिनेसे या लहान क्लबमध्ये. इटलीच्या फुटबॉल संघटनेने आधी हा सौदा अडवला, तर उदिनेचे लोक रस्त्यावर उतरले. घोषणा होती, 'एक तर झिको, नाही तर ऑस्ट्रिया!' हा मुलूख एकेकाळी ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. झिको देत नसाल तर आम्ही परत तिकडे जातो, असा दम. मला वाटतं एखाद्या खेळाडूसाठी देश सोडायची धमकी देणारं हे एकमेव गाव असावं. झिकोने पहिल्या हंगामात 19 गोल केले, प्लातिनीपेक्षा एक कमी.

निवृत्त झाल्यावर त्याला ब्राझीलच्या सरकारात क्रीडा खातं मिळालं. वर्षभरात त्याने ते सोडलं. आणि मग वयाच्या अडतिसाव्या वर्षी बूट पुन्हा चढवून गेला कुठे, तर जपानमधल्या काशिमाला. सुमितोमो या पोलाद कंपनीचा कारखाना, समुद्र, शेतं आणि कंपनीचा दुसऱ्या डिव्हिजनचा संघ. जपान तेव्हा आपली व्यावसायिक लीग सुरू करत होता आणि काशिमाला सांगण्यात आलं होतं की तुमचा नंबर लागणं 99.9999 टक्के अशक्य आहे. छपराचं, पंधरा हजारांचं स्टेडियम बांधलंत तर बघू. त्यांनी बांधलं. 16 मे 1993 ला लीगमधल्या पहिल्या मॅचला झिकोने नागोयाविरुद्ध हॅट्ट्रिक केली. काशिमा 5-0.

संत वगैरे मात्र समजू नका. 1994 च्या जानेवारीत कावासाकीविरुद्धच्या फायनलला पेनल्टी दिली म्हणून हा चाळिशीचा गृहस्थ तावातावाने गेला आणि पेनल्टीसाठी ठेवलेल्या चेंडूवर थुंकला. बाहेर काढला. जपानसारख्या देशात! पण त्याच देशात स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे, लोक त्याला फुटबॉलचा देव म्हणतात आणि झोकून देणं, प्रामाणिकपणा, आदर ही त्याची त्रिसूत्री क्लबने ब्रीदवाक्य म्हणून लावून ठेवली आहे. काशिमा आज जपानची लीग सर्वांत जास्त वेळा जिंकलेला क्लब आहे.

2002 ला तो जपानचा कोच झाला. इथून पुढचा झिको मला जास्त जवळचा, कारण इथे तो नुसता हरत नाही, हरण्याची जबाबदारीही त्याच्याकडे येते. 2004 चा आशियाई कप त्याने जिंकला, आणि तोही कसा? जॉर्डनशी पेनल्टी शूटआउटमध्ये जपानच्या पहिल्या दोघांचे पाय घसरले. कॅप्टन मियामोतोने रेफ्रीला पटवून शूटआउट मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या गोलपोस्टवर हलवून घेतलं, आणि गोलकीपर कावागुचीने जपानला परत आणलं. सेमीफायनलला बहारीनशी 2-3 ने मागे असताना नाकाझावाने 90 व्या मिनिटाला बरोबरी केली. म्हणजे शेवटची मिनिटं कधीमधी त्याच्याही बाजूने वागली आहेत. फायनलला बीजिंगमध्ये चीनला 3-1 हरवलं.

दोन वर्षांनी जर्मनीत वर्ल्ड कप. 12 जून 2006, कायझर्सलाउटर्न, समोर ऑस्ट्रेलिया. नाकामुराच्या गोलने जपान 1-0 पुढे. 79 वं मिनिट. आता कोच कोणाला उतरवेल? एखादा दांडगा डिफेंडर, जो येईल तो चेंडू लाथ मारून बाहेर घालवेल. झिकोने यानागिसावाला काढून ओनोला आणलं. ओनो म्हणजे चेंडूशी खेळणारा, पास देणारा, देखणा मिडफिल्डर. 84 व्या मिनिटाला केहिल, 89 ला पुन्हा केहिल, 92 ला अलॉइसी. आठ मिनिटांत तीन. ऑस्ट्रेलिया 3-1. पुढे झिकोची गाठ ब्राझीलशीच पडली. तामादाने जपानला पुढे नेलं, पण शेवटी ब्राझील 4-1.

मी ती ऑस्ट्रेलियाची मॅच सावंतवाडीत घरी बघत होतो. ओनो उतरला तेव्हाच मावसभावाचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. म्हणाला, 'दार उक्तेंच दवरलां रे हाणें.' दार उघडंच ठेवलंय याने. आम्ही हसलो. दहा मिनिटांनी कोणीच हसत नव्हतं.

नंतर कोचिंगची भटकंती बरीच झाली. तुर्कस्तानात फेनरबाहचेला शंभराव्या वर्षी लीग मिळवून दिली आणि 2008 ला चॅम्पियन्स लीगच्या क्वार्टर फायनलपर्यंत नेलं. तिथे चेल्सीला घरी 2-1 हरवून लंडनला 0-2 हरले. मग ताश्कंद, मॉस्को, ग्रीस, इराक, कतार. कुठे कप मिळाला, कुठे काही महिन्यांतच गाशा गुंडाळला. आणि 2014 च्या सप्टेंबरात पेपरात आलं की झिको गोव्याला येतोय.

माझा आधी विश्वास बसला नाही. ज्याच्यासाठी उदिने ऑस्ट्रियाला जायला निघालं होतं, तो फातोर्ड्याला, मावशीच्या घरापासून चालत जाता येईल अशा मैदानावर, पोरांना फुटबॉल शिकवणार? पण तो आला, आणि गोव्यात परका वाटला नाही. मडगावात अजून पोर्तुगीज बोलणारे म्हातारे सापडतात. आमच्या ओळखीतले एक पंचाऐंशीचे गृहस्थ होते. टीव्हीवर झिकोची मुलाखत लागली की ते दुभाष्यावर चिडायचे. 'तो असं म्हणालाच नाही!' आणि मग पूर्ण वाक्य आम्हाला कोकणीत सांगायचे.

झिकोचा संघ एफसी गोवा, आणि लीग आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग : तेव्हा ऑक्टोबर ते डिसेंबर, दोन-अडीच महिन्यांचा मामला. चतुर्थी झाली की सुरू, नाताळाच्या आत खलास. काशिमात त्याच्याकडे वर्षं होती. इथे चौदा लीग मॅचेस. एवढ्यात संघ कसला घडवणार? तरी पहिल्या वर्षी गोवा अडखळत सुरू होऊन सेमीफायनलला गेला आणि कोलकात्याकडून एकही गोल न खाता पेनल्टीवर हरला. रोमिओ फर्नांडिस हा आपला गोंयचा पोरगा तर इथून थेट ब्राझीलच्या आत्लेतिको परानाएन्सेकडे गेला. मंदार राव देसाई डाव्या बाजूने पळायला लागला की स्टँडमधली कोकणी-मराठी अशी काही मिसळायची की कोण कुठला कळायचं नाही. दुसऱ्या वर्षी गोवा टेबलात पहिला. 17 नोव्हेंबर 2015 ला मुंबईला 7-0 हरवलं, त्यात दुदू आणि हाओकिप अशा दोघांच्या हॅट्ट्रिक. (मुंबईकरांनी मागचं वाक्य वाचलं नाही तरी चालेल.)

20 डिसेंबर 2015, रविवार. फायनल, तीही फातोर्ड्याला. मी सकाळच्या गाडीने सावंतवाडी रोडहून मडगावला उतरलो. समोर चेन्नईचा संघ चेन्नईन, आणि त्यांचा कोच इटलीचा मातेराझी. म्हणजे पुन्हा इटली. झिकोच्या कुंडलीत इटली आणि फ्रान्स कुठल्या घरात बसलेत कोण जाणे. 98 च्या वर्ल्ड कपला तो ब्राझीलच्या संघाबरोबर समन्वयक म्हणून होता, तेव्हाही फायनलला फ्रान्सच.

गोव्याचा गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमनी. त्या रात्री त्याने पेनल्टी अडवली, पण परत आलेला चेंडू पेलिसारीने आत मारला. हाओकिपने लगेच बरोबरी केली. मग चेन्नईनला दुसरी पेनल्टी मिळाली आणि मेंदोझाची ती पेनल्टीसुद्धा कट्टीमनीने अडवली. आमच्या शेजारी बसलेल्या बाईने पर्समधून रोझरी काढली होती, ती तशीच हातात धरून ती नाचायला लागली. 87 व्या मिनिटाला जोफ्रेची फ्री किक. जाळं हललं ते मी पाहिलं, पण आवाजाने कान असे बंद झाले की पुढचा अर्धा मिनिट चित्रपटाचा आवाज गेल्यासारखा होता. 2-1. मावसभाऊ खुर्चीवर उभा राहिला आणि छाती फुटेस्तोवर ओरडला, 'आतां दार धांपात रे!' आजूबाजूचे हसले. कोणाला अर्थ कळला असेल असं वाटत नाही.

90 व्या मिनिटाला चेंडू गोलसमोर आला, आणि दोन पेनल्टी अडवलेल्या त्या कट्टीमनीच्याच हाताला लागून आत गेला. 2-2. आम्ही अजून उभेच होतो. 92 व्या मिनिटाला मेंदोझा. 3-2. केहिलचा दुसरा गोल आणि अलॉइसीचा गोल मिनिटांच्या हिशेबात असेच पडले होते, हे मला तिथे बसल्या बसल्या आठवलं आणि स्वतःचाच राग आला. कट्टीमनीने डोकं जमिनीला टेकवलं होतं आणि मी आकडे जुळवत होतो.

नंतर मैदानात धक्काबुक्की, आरोप, चौकश्या, दंड असं बरंच झालं. त्यात मला रस नाही. आम्ही चालत घरी आलो. मावशीने दार उघडलं, आमची तोंडं पाहिली. 'हारले?' 'हय.' 'मरूं दी. जेवून घेयात.' सुंगटांची कढी होती. मी दोनदा भात घेतला, हे इथे कबूल करतो.

जेवताना मावसभाऊ म्हणाला की झिको कोच म्हणून कच्चा आहे. मी वाद घातला नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं आणि वाटतं. पुढे असताना वेळ कशी मारावी, चेंडू कोपऱ्यात नेऊन कसा दाबून धरावा, पाय मुरगळल्याचं सोंग कसं करावं, ही विद्या सिमिओने, मोरिन्यो अशा कोचांकडे आहे, झिकोकडे नाही. सार्रियाला पंचवीस-तीसच्या वयात जे जमलं नाही ते त्याने साठाव्या वर्षीही शिकून घेतलं नाही. प्रश्न असा आहे की शिकला असता तर तो काशिमाला गेला असता का? पोलादाच्या कारखान्यातल्या दुसऱ्या डिव्हिजनच्या संघाकडे, ताश्कंदला, घरच्या मैदानावर खेळणंच मुश्किल असलेल्या इराककडे, आणि फातोर्ड्याला? हिशेबी माणूस ही पत्त्यांची यादी करत नाही. मी हे मावसभावाला म्हणालो. तो म्हणाला, 'कढी वाढ.'

तिसऱ्या वर्षी सगळं बिनसलं. त्याच वर्षी धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या जुन्या क्लबांनी आय-लीग या देशाच्या जुन्या लीगमधून अंग काढून घेतलं. पाच वेळा देशाची लीग जिंकलेला धेंपो! त्या क्लबांच्या मॅचेसना मावसभाऊ लहानपणापासून जायचा. झिको येणं आणि ते जाणं एकाच काळात घडलं, याचं त्याला वाईट वाटायचं आणि कोणावर राग काढावा हे कळायचं नाही. झिकोचा संघ तळाला होता. शेवटची मॅच 1 डिसेंबर 2016, फातोर्डा, पुन्हा चेन्नईन. दोघेही आधीच बाहेर. मी गेलो नाही. नोटाबंदीचे दिवस; त्या गुरुवारी मी दुपारपर्यंत बँकेच्या रांगेत होतो आणि खिशात दोन हजारांची एक नोट होती, जिचे सुट्टे सावंतवाडीत कोणी देत नव्हतं.

रात्री उशिरा मावसभावाचा फोन आला. तो एकटाच गेला होता, नुकताच घरी पोचत होता.

'कितले?' मी विचारलं.

'पाच-चार.'

'कोण?'

'आमी!' चार-चार असताना इंज्युरी टाइमच्या पाचव्या मिनिटाला साहिल तावोराने मारला होता. नऊ गोल. दोन्ही संघांनी मिळून एक दार म्हणून लावलेलं नव्हतं. झिकोची गोव्यातली ती शेवटची मॅच ठरली. जानेवारीत त्याने आणि क्लबने फारकत घेतली. त्याच डिसेंबरात, सतरा दिवसांनी, योकोहामाला क्लब वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये काशिमा रियाल माद्रिदच्या पुढे गेला, 2-1. मग अर्थातच हरला, 4-2, जादा वेळेत.

'मागीर आमी खंय?' टेबलात कुठे आलो, असं मी विचारलं.

'सगळ्यांत सकयल,' तो म्हणाला. सगळ्यांत खाली. आणि पाचवा गोल कसा झाला ते सांगायला लागला. चेंडू कुठून आला, कोणी सोडला, तावोरा कुठे उभा होता, मागे बसलेला माणूस कसा त्याच्या अंगावर पडला. चपला काढत काढत सांगत असावा, कारण आवाज मध्येच लांब जात होता. मागून मावशीचा आवाज आला, आता ऐंशीच्या घरातला, पण जरब तीच.

'आयलो मरे? दार धांप रे!'

'हय गो,' म्हणाला, आणि उंबऱ्यातच उभा राहून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.